राजपत्रावरच्या दोन तारखा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. चिटणीसांच्या पत्रात विषय लिहिला होता, 'सार्वजनिक धोरणांच्या घडणीत संस्कृती आणि वारसा यांचे स्थान'. पत्र वाचून मी थोडा बिचकलो. विषय विद्वानाचा, आणि मी पडलो साधा बी. ए. झालेला सरकारी नोकर. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत उभा जन्म गेला, बदल्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांचे पाणी प्यालो. परंतु धोरणे जेथे ठरतात त्या दालनात माझा प्रवेश क्वचितच झाला. ठरलेली धोरणे टेबलावर येऊन पडली की त्यांची अंमलबजावणी करावयाची, एवढाच माझा अधिकार. तेव्हा मोठे सिद्धान्त मांडण्याच्या भरीस मी पडत नाही. माझ्या टेबलावरून जे दिसले, तेवढेच सांगतो.

माझ्या टेबलावर अनेक वर्षे भारताचे राजपत्र येत आले आहे. त्यावर दोन तारखा छापलेल्या असतात. एक आपल्या सर्वांच्या परिचयाची, इंग्रजी महिन्याची. दुसरी शकाची, म्हणजे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशी. नोकरीच्या आरंभीची कित्येक वर्षे ही दुसरी तारीख मी वाचलीच नाही. कार्यालयात कोणीच वाचत नसे. पण एकदा सहज घरच्या पंचांगाशी ती ताडून पाहिली, तर मेळ बसेना. राजपत्रात चैत्र लागला होता आणि घरी अजून फाल्गुन चालू होता. शक तोच, महिन्यांची नावे तीच, पण दिवस निराळे. हे कसे, याचा शोध घेऊ लागलो. आज मी जे बोलणार आहे, त्याचा उगम या शोधात आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात सुमारे तीस कालगणना प्रचारात होत्या. कोठे विक्रम संवत, कोठे शालिवाहन शक, कोठे बंगाली सन, कोठे कोल्लम. कोणाचा महिना अमावास्येला संपे, कोणाचा पौर्णिमेला, कोणाचा संक्रांतीला. १९५२ सालच्या नोव्हेंबरात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते विख्यात पदार्थवैज्ञानिक डॉ. मेघनाद साहा. पंडित नेहरूंनी या समितीच्या कामाविषयी लिहिताना म्हटले होते, की या निरनिराळ्या कालगणना म्हणजे आपल्या गतकाळातील राजकीय विभागणीच्याच खुणा होत. आता देश स्वतंत्र झाला आहे, तेव्हा नागरी व सामाजिक व्यवहारांत काही एकसूत्रता यावी आणि ती शास्त्रीय पायावर यावी. उद्देश क्षुद्र नव्हता, हे मी प्रथमच नमूद करून ठेवतो.

या समितीच्या सदस्यांची नावे वाचताना मी थबकलो. अलाहाबादचे ए. सी. बॅनर्जी व डॉ. गोरखप्रसाद, उज्जैनच्या माधव महाविद्यालयातील प्रा. आर. व्ही. वैद्य, चिटणीस कलकत्त्याचे निर्मलचंद्र लाहिरी. आणि त्यांच्या पंक्तीस नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी व 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. दिल्लीतल्या शास्त्रीय समितीत वृत्तपत्राचा संपादक कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला नवल वाटणार नाही.

आपल्याकडे पंचांग हा कधीच केवळ भटजींचा विषय राहिला नव्हता. १८६५ च्या सुमारास केरूनाना छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नव्या वेधांशी जुळणारे पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यानंतर विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षित हे दापोली तालुक्यातील मुरूडचे, व्यवसायाने शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली मराठीत प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळक तर केरूनानांचे शिष्यच. राजकारणाच्या धकाधकीतही त्यांनी पंचांगशोधनाचे काम सोडले नाही. १९०४ साली मुंबईस भरलेल्या ज्योतिष परिषदेत त्यांचा पुढाकार होता. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखा गणिती चित्रा नक्षत्राचा पक्ष घेऊन उभा होता, तर टिळकांचा कल रेवतीकडे. या मतभेदाचे अवशेष अजून कोकणात दिसतात. टिळक पंचांग मानणाऱ्या काही घरांत एखाद्या वर्षी अधिक मास निराळा येतो आणि त्यांचा गणपती शेजारच्या घरच्या गणपतीहून एका महिन्याच्या फरकाने बसतो. शेजारी कोणी भांडत नाही. उलट मोदक दोनदा खावयास मिळतात!

वाद होता तो कशाचा? आपले परंपरागत वर्ष हे नक्षत्रांच्या आधाराने मोजलेले वर्ष. सूर्यसिद्धान्तातील वर्ष हे ऋतूंच्या खऱ्या वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. चोवीस मिनिटे म्हणजे काही नव्हे, असे वाटते. पण साठ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. उत्तरायण सुरू होते ते २२ डिसेंबरच्या आसपास, आणि आपण संक्रांतीचा तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. शतकानुशतके साचलेल्या मिनिटांचे हे तेवीस-चोवीस दिवस आहेत. असेच चालू दिले तर काही हजार वर्षांनी मृगाचे नक्षत्र पावसाच्या ऐन मध्यावर येईल आणि पेरणीचा त्याच्याशी काही संबंध उरणार नाही. सायन पंचांगवाल्यांचे म्हणणे एवढेच होते, की वर्ष ऋतूंना बांधा.

साहा समितीने आपला अहवाल १९५५ साली दिला. नागरी व्यवहारासाठी तिने हाच ऋतूंना बांधलेल्या वर्षाचा पक्ष स्वीकारला. वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, चैत्राचा पहिला दिवस. चैत्राचे दिवस ३०, लीप वर्षी ३१. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे. आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने ३० दिवसांचे. सन मात्र शालिवाहन शकाचा, कारण देशभरचे ज्योतिषी वराहमिहिराच्या काळापासून गणितासाठी शकच वापरीत आले. दापोलीच्या एका शिक्षकाने आणि त्याच्या मित्रांनी ज्या तत्त्वासाठी आयुष्यभर आग्रह धरला, ते तत्त्व सत्तर वर्षांनी स्वतंत्र भारताच्या राजपत्रात गेले. वारशाने धोरण घडविल्याचे याहून थेट उदाहरण मला तरी माहीत नाही. डॉ. साहांना मात्र हे पाहावयास मिळाले नाही. ते फेब्रुवारी १९५६ मध्ये निवर्तले.

२२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. राजपत्र, आकाशवाणीची वार्तापत्रे, सरकारी दिनदर्शिका आणि शासनाने जनतेस उद्देशून काढलेली पत्रके यांत इंग्रजी तारखेबरोबर ही तारीख द्यावी, असे ठरले. त्याच वर्षापासून राष्ट्रीय पंचांग निघू लागले. मराठी धरून चौदा भाषांत ते प्रसिद्ध होत आले आहे. आपले अधिनियमही शकाची तारीख मिरवितात.

आणि घरोघर? त्या दिवशी महाराष्ट्रातल्या घरोघरच्या पंचांगात फाल्गुनाचा वद्य पक्ष चालू होता. राजपत्रात शके १८७९ लागले होते, घरात अजून १८७८ होते. सरकारी नवे वर्ष उजाडले आणि त्या सकाळी एकाही दारावर गुढी उभी राहिली नाही.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. राष्ट्रीय दिनांक घातलेला धनादेश बँकांनी स्वीकारावा, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. हे वाचून मला एकदा देशाभिमानाचे भरते आले. एका संस्थेची वर्गणी देण्यासाठी मी धनादेश लिहिला आणि त्यावर शकाची तारीख घातली. धनादेश परत आला. दिनांक अयोग्य, असा शेरा. मी सूचनांची प्रत घेऊन बँकेत गेलो. व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी वाचले, दिलगिरी व्यक्त केली आणि धनादेश वटला. पण ज्या तरुण कारकुनाने तो परत केला होता, त्याने मला निघता निघता अगदी नम्रपणे विचारले, "साहेब, आपण घरी ही तारीख वापरता का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी मी पाडवा पंचांगात पाहतो, मुलीचा वाढदिवस इंग्रजी तारखेला करतो, आईचे श्राद्ध तिथीने करतो. १ चैत्राला मी काहीच करीत नाही. त्या मुलाने साहा समितीच्या अहवालावरील एक मोठी टीका एका वाक्यात सांगून टाकली होती. त्या दिनदर्शिकेचे गणित चोख आहे, तिचा हेतू उदात्त आहे, पण तिच्यात एकही सण नाही. आजीने उपास धरावा असा दिवस नाही, लेकीने माहेरी यावे असा महिना नाही. जेथे कोणाचे काही घडत नाही, ती तारीख कोण लक्षात ठेवील?

मग सुधारणा कधी रुजतच नाही, असे म्हणावे काय? तसेही नाही. पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशात, डॉ. मुहम्मद शहीदुल्ला यांच्या समितीने १९६६ साली बंगाली सनाचे असेच शोधन सुचविले. पहिले पाच महिने ३१ दिवसांचे, पुढचे ३० दिवसांचे. साहांच्याच वळणाची ही मांडणी. पुढे तेथील शासनाने ती स्वीकारली, आणि तेथे पहिला वैशाख दरवर्षी १४ एप्रिलला येतो. पश्चिम बंगालात तो जुन्या गणिताने कधी १४ तर कधी १५ एप्रिलला येतो. तेथील सुधारणा रुजली, कारण तिने लोकांच्या हातातला सण हिसकावून घेतला नाही. लोकांचा वर्षारंभ होता, त्याच्याच खालचे गणित तिने नीट केले. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेला तसा वर्षारंभ मिळाला नाही. आमचा पाडवा चंद्राचा, तिचा चैत्र सूर्याचा.

राज्यकर्त्यांना पूर्वी हे कळत होते, असे कधी कधी वाटते. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन येतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, पण वर्ष सुरू होई ते सूर्य मृग नक्षत्रात शिरे तेव्हा. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. नाव परके, पण पाय शेतात. उलट आपले एप्रिल ते मार्चचे आर्थिक वर्ष १८६७ पासून इंग्रजांनी घालून दिलेले. पाऊस कसा होणार हे कळण्यापूर्वीच अंदाजपत्रक मंजूर करावे लागते, ही त्याची अडचण. लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने १९८५ साली पावसाचा विचार करून जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष सुचविले. सरकारने ते मानले नाही. इंग्रजांनी लावलेली सवयही कालांतराने वारसा बनते, आणि मोडावयास तितकीच अवघड जाते.

आता मी आणखी साध्या कागदाकडे वळतो. केंद्र सरकारच्या सुट्ट्यांची यादी! आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटविलेली असेल. ती सुट्ट्या मोजण्यासाठी आपण वाचतो. मी आपणास ती एकदा धोरण म्हणून वाचण्याची विनंती करतो.

चौदा सुट्ट्या सर्वांना सक्तीच्या. त्यांत तीन राष्ट्रीय दिवस, आणि पुढे दसरा, दिवाळी, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, नाताळ, गुड फ्रायडे, दोन्ही ईद, मोहरम आणि पैगंबर जयंती. एवढ्या मोठ्या देशाने एकमेकांचे पवित्र दिवस आपले म्हणून मान्य केल्याची ही नोंद आहे. ईदची तारीख चंद्रदर्शनावर अवलंबून, म्हणून ती बदलू शकते, अशी तरतूद परिपत्रकातच असते. सरकार कोणासाठी थांबत नाही म्हणतात. येथे ते चंद्रासाठी थांबते.

दिल्लीबाहेरच्या कार्यालयांसाठी याखेरीज बारा प्रसंगांची दुसरी यादी असते. तीतून तीन निवडावयाचे. निवड दिल्ली करीत नाही. त्या त्या राज्याच्या राजधानीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांची कल्याण समन्वय समिती करते. यादीत दसऱ्याचा जादा दिवस, होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, मकरसंक्रांत, रथयात्रा, ओणम, पोंगल, श्रीपंचमी असे अकरा प्रसंग एकेका ओळीत ऐसपैस बसले आहेत. आणि बाराव्या ओळीत? विशू, वैशाखी, बंगालचा वैशाखादी, आसामचा बिहू, उगादी, चेटीचंड, नवरोज, छठपूजा, करवा चौथ, आणि त्यांच्या गर्दीत अंग चोरून उभा असलेला आपला गुढीपाडवा. ही ओळ म्हणजे रेल्वेचा बिनआरक्षित डबा आहे.

कोलकात्यास नेमणुकीवर असताना एका वर्षी या समन्वय समितीच्या बैठकीस मी आमच्या कार्यालयाचा प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. पहिल्या दोन सुट्ट्या पाच मिनिटांत ठरल्या. दुर्गापूजेचा जादा दिवस आणि सरस्वतीपूजेची श्रीपंचमी; बंगालात यावर चर्चा कसली! तिसरी बाराव्या ओळीतून घ्यावी असे ठरले. माझ्या शेजारी एक वयस्क बंगाली गृहस्थ बसले होते. त्यांनी यादीवर बोट ठेवून मला हळूच म्हटले, "तुमचे नवे वर्षही याच ओळीत आहे. तुम्ही बोलणार असाल तर आम्ही ऐकू."

मी बोललो नाही. त्या खोलीत मराठी माणूस मी एकटा होतो आणि ज्यांना सुट्टी मिळणार होती त्यांतील बहुसंख्य बंगाली होते. मी पहिल्या वैशाखाच्या बाजूने हात वर केला. संध्याकाळी घरी ही हकीकत सांगितली, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, म्हणजे आपला पाडवा तुम्हीच आपल्या हाताने देऊन आलात?" मी म्हटले, "दिला नाही, त्यांचा त्यांना मिळाला." पण रात्री बराच वेळ झोप आली नाही. न्याय झाला होता, आणि तरी काही तरी गेले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला त्या दिवशी कळले.

प्रत्येक कर्मचाऱ्यास वर्षातून दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी एक मी पाडव्याला घेतली. गुढी उभारली आणि त्या वयस्क गृहस्थांना घरी बोलाविले. काठी, कडुनिंब, साखरेची गाठी, वर पालथा गडू, सारे त्यांनी बारकाईने पाहिले. मग विचारले, "पुढच्या वर्षी कोणत्या तारखेला?" मी म्हणालो, "पंचांग पाहून सांगावे लागेल." ते हसले. म्हणाले, "आमचेही तसेच. घरात गुप्तप्रेस पंजिका, मुलाच्या सासरी विशुद्ध सिद्धान्त. एखाद्या वर्षी दोघांची अष्टमीच जुळत नाही." कोकणातल्या त्या दोन गणपतींची आठवण मला तेथे, गंगेच्या काठी झाली.

सज्जनहो, मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच. शासनाने वारशातून घ्यावे, अवश्य घ्यावे. पण तो वारसा म्हणजे संग्रहालयातली एक मूर्ती आहे असे समजू नये. छत्रे, लेले, दीक्षित, केतकर, टिळक यांची मते एक नव्हती. त्यांचा वाद हाच आपला वारसा. समितीने त्या वादातले गणित घेतले. ज्या घरांत तो वाद नांदत होता ती घरे तिच्या हाती येणे शक्य नव्हते. याच्या उलट ती सुट्ट्यांची साधी यादी. तिच्यात शास्त्र नाही, भव्यता नाही, बाराव्या ओळीवरचा अन्यायही आहे. पण ती तुमचा सण कोणता असावा हे ठरवीत नाही. तुमचा जो आहे त्यासाठी जागा करते, आणि ती जागा कोणती, हे निदान काही अंशी तुम्हाला विचारते. कालगणनेच्या बाबतीत तरी मला असे दिसले, की शासनाला संस्कृतीसाठी दार उघडे ठेवता येते. आत दिवा लावता येत नाही. तो घरच्यांनीच लावावा लागतो.

आणि घरचे म्हणजे कोण? येथे सरकारला बाजूस ठेवून आपल्याकडे वळले पाहिजे. आपले मंडळही धोरणे ठरविते. या मंडळाचा पाडवा अनेक वर्षे तिथीला होत असे. पुढे उपस्थिती रोडावली. कारखान्याच्या पाळ्या, मुलांच्या परीक्षा, गावाचा वाढलेला विस्तार. तेव्हा पाडव्याचा कार्यक्रम लगतच्या रविवारी करावा, असा ठराव कार्यकारिणीत आला आणि संमत झाला. तो ठराव मीच मांडला होता. सरकारी माणसाला सोयीची कारणे चांगली सुचतात. उपस्थिती वाढली, हिशेब जमला, सर्वांनी माझे कौतुक केले.

दोन-तीन वर्षांनी माझी धाकटी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची असेल, मला म्हणाली, "बाबा, पाडवा रविवारीच असतो ना?"

त्या कारकुनाच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला अधिक लागला. साहा समितीने एका चैत्राचे दोन चैत्र केले म्हणून मी टीका करीत होतो. आणि मी स्वतः एका ठरावाने माझ्या मुलीचा चैत्र रविवारी नेऊन ठेवला होता. महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला पाडवा कधी हे शिकवावे लागत नाही. बाजारात गाठ्या दिसू लागतात, शेजारच्या गॅलरीत काठी दिसते, शाळेला सुट्टी असते. गावच त्याला सांगते. परमुलखात हे सांगणारे गाव आपल्याजवळ नाही. आपल्या मुलांना ते सांगणारे आपण आणि हे मंडळ, एवढेच. म्हणून आपली सोय ही महाराष्ट्रातल्या सोयीपेक्षा महाग पडते.

रविवार बंद करा, असे मी म्हणणार नाही. चाळीस कुटुंबे एकत्र येतात ती रविवारीच येतात, आणि एकत्र येणे हीही संस्कृतीच आहे. मी एवढेच सुचवितो, की गुढी घरी तिथीला, सूर्योदयानंतर, कामावर जाण्यापूर्वी उभारावी, मग दोन खोल्यांचे सरकारी क्वार्टर का असेना. रविवारचा कार्यक्रम हा तिचा उत्सव म्हणून व्हावा, तिच्या जागी नव्हे. आणि मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर वार आणि तारीख छापतो, त्याच्या वर तिथी छापावी. तीन तारखा झाल्या तर होऊ देत. आपण तीन तारखांची माणसे आहोत. कचेरीची एक, देशाची एक, घरची एक. तिन्ही लक्षात ठेवणे ही अडगळ नव्हे, ती आपली श्रीमंती आहे.

शेवटी एक योगायोग सांगून आपली रजा घेतो. २०२३ साली गुढीपाडवा बुधवारी, २२ मार्चला आला. म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदा आणि राष्ट्रीय दिनदर्शिकेचा १ चैत्र १९४५ एकाच दिवशी उगवले. डॉ. साहांचा चैत्र आणि माझ्या आईचा चैत्र दाराशी एकत्र आले. मी त्या सकाळी गुढी उभारली आणि मुलीला दूरध्वनी केला. ती आता नोकरीनिमित्त आमच्याहूनही दूर आहे. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, "बाबा, आज बुधवार आहे, पण माझ्या लक्षात आहे हं." तिने खिडकीत एक लहानशी काठी बांधली होती; कडुनिंब मिळाला नव्हता.

राजपत्रावरची दुसरी तारीख आता मी रोज वाचतो. तिला घर मिळाले नाही, हे खरे. पण ती ज्यांनी घडविली ती माणसे आपलीच होती, आणि देश एका सूत्रात यावा ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांना नमस्कार करून, आणि ज्यांनी पन्नास वर्षे या परक्या गावात आपल्या तिथी जागत्या ठेवल्या त्या या मंडळाच्या संस्थापकांना व कार्यकर्त्यांना वंदन करून, मी माझे भाषण संपवितो.